चौतीस गोण्या कचरा

एकोणीस वर्षांच्या नोकरीत मला जिल्ह्याकडून एकच प्रमाणपत्र मिळालं. ते आमच्या शाळेच्या ऑफिसात घड्याळाखाली टांगलंय. मी आणि माझ्या सातवीच्या मुलांनी एका दुपारी खाडीकाठावरून चौतीस गोण्या कचरा गोळा केला, असं त्यावर सोनेरी अक्षरांत छापलंय. त्यातल्या पंचवीस गोण्या पंधरा दिवसांनी मीच परत नेऊन तिथेच ओतल्या, हे काही छापलेलं नाही. मी ते प्रमाणपत्र काढून टाका म्हणून दोनदा सांगितलं. मुख्याध्यापक म्हणाले, "राहू द्या हो बाई, खिळा मारून झालाय."

मी मूळची परभणीची. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो लग्नानंतर, नवऱ्याला तारापूरला नोकरी लागली तेव्हा. बोईसरला बिऱ्हाड, आणि शाळा मुरब्याच्या बाजूला, खाडीला लागून. इतकी वर्षं रोज स्कूटरवरून जाते-येते, पण खरं सांगायचं तर खाडीकडे मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. वास आला की नाकाला पदर लावायचा, एवढीच आमची ओळख.

त्या वर्षी परिपत्रक आलं. ‘शाश्वत विकासात शाळेचा सहभाग’ या विषयावर एक उपक्रम घ्या, फोटो पाठवा, अहवाल पाठवा. परिपत्रकांवर माझा विश्वास नाही, पण पहिला नंबर मला आवडतो, हे कबूल करायला हवं. मी मुलांना फळ्यावर तक्ता काढून दिला, घोषणा पाठ करून घेतल्या, आणि भाद्रपद वद्य चतुर्दशीला, शनिवारी दुपारी चारला, अख्खी सातवी हातमोजे घालून खाडीवर नेली.

ओहोटी होती. पाणी मागे गेलं होतं आणि चिखलाचा लांबच लांब पट्टा उघडा पडला होता. त्यावर काय नव्हतं! वेफर्सची पाकिटं, बाटल्या, एकेकट्या चपला, नायलॉनच्या जाळ्यांचे गुंते. आणि या सगळ्याखाली, पट्ट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, रिकाम्या शिंपल्यांचा थर. पांढरे, करडे, कडा मोडलेले शिंपले, ढिगांनी. कुणीतरी वर्षानुवर्षं आणून टाकलेले दिसत होते.

वैभवी नावाची माझी एक विद्यार्थिनी आहे. कामाला वाघीण, अपूर्णांक म्हटलं की मांजर. तिने गोणीचं तोंड धरून विचारलं, "बाई, शिंपले पण?"

"सगळं," मी म्हणाले. "जमीन दिसली पाहिजे."

ते ‘सगळं’ मला अजून ऐकू येतं. वैभवी शिंपले भरायला लागली. आमच्याकडे शाळेतल्या बाईंनी सांगितलं म्हणजे ते बरोबरच असतं, घरचे काही का म्हणेनात. तिने एकटीने पाच गोण्या भरल्या. अंधार पडायच्या आत पट्टा असा स्वच्छ झाला की मी त्याचे अकरा फोटो काढले. आठ गोण्या प्लास्टिक निघालं, सव्वीस गोण्या शिंपले. बोईसरचा बबलू टेम्पोवाला ते सगळं भरून घेऊन गेला.

सोमवारी पहिल्या तासाला व्हरांड्यात एक बाई येऊन उभी राहिली. साठी ओलांडलेली, काटक, डोक्यावर रिकामी पाटी. आत या म्हटलं तरी येईना. वैभवी बाकाखाली वाकून काहीतरी शोधायला लागली, त्यावरून कळलं की ही तिची आजी, मैनाबाई.

"बाई," ती म्हणाली, "माजी घरं कुठं नेलीत?"

मला वाटलं, हिची झोपडी वगैरे पाडली की काय कुणी! मी म्हटलं, "कुठली घरं, मावशी?"

मग तिने पाटी खाली ठेवली आणि भिंतीला टेकून बसली. मी वर्गाच्या दारात उभीच. सगळी सातवी खिडकीतून बघत होती. पुढच्या पंधरा मिनिटांत मी जे शिकले ते बी.एड.च्या अख्ख्या वर्षात शिकले नव्हते, आणि शिकवणारी दुसरीतून शाळा सोडलेली होती.

मैनाबाई कालवं काढते, म्हणजे शिंपल्यात वाढणारे, खाण्याचे समुद्री जीव. नऊ वर्षांची होती तेव्हापासून, आधी आईबरोबर, मग एकटी. मोठी सुकती असते तेव्हा, म्हणजे पाणी अगदी लांब ओसरतं तेव्हा, ती त्या पट्ट्यावर जाते, कालवांचे घोस लहान कोयतीने तोडते, पाटीत भरून घरी आणते. घरी ती फोडायची, आतला गर काढायचा, आणि दुपारी बोईसरच्या बाजारात जाऊन बसायचं. आम्ही कचरा गोळा करत होतो तेव्हा ती तिथेच बाजारात होती. नवरा भगवंत पूर्वी बोटीवर जायचा. आता त्याचे गुडघे गेले आहेत, घरी बसून लोकांची जाळी सांधतो. घर चालतं ते कालवांवर.

पण खरी गोष्ट पुढे आहे. फोडून रिकामे झालेले शिंपले ती फेकत नाही. पुढच्या सुकतीला तीच पाटी भरून ती खाडीवर नेते आणि जिथून काढली तिथेच पसरते. तिची आई करायची, आईची सासू करायची. याला त्या ‘घर परत करणं’ म्हणतात.

"पाऊस सरला का कालवाचं बी पाण्यात फिरतं," ती म्हणाली. "डोळ्याला दिसत नाय. त्याला बसाया टणक जागा लागते. चिखलात बसत नाय, गुदमरतं. जुनी शिंप असली का त्याच्यावर चिकटतं. नसली तर भरतीबरोबर जातं निघून, कुटं जातं देवाला ठाव. काल अवसेची मोठी सुकती. मी गेली पहाटेची. बघते तर नुसता चिखल."

मी विचारलं, "मग आता?"

"आता काय! यंदा बी बसलं नाय, तर पुढल्या वरसाला कालवं नाय. त्याच्या पुढच्याला पन नायच." तिने पाटी जवळ ओढली. "तुमी वाईट केलं नाय बाई. तुमाला म्हायती नव्हतं."

तिने मला शिव्या घातल्या असत्या तर मी भांडले असते. भांडायला मी कमी नाही, स्टाफरूमला विचारा. पण ‘म्हायती नव्हतं’शी भांडायचं कसं? माझ्या मागे फळ्यावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘निसर्गाकडून घेतलेले निसर्गाला परत करा.’ मी डस्टर घेतलं आणि ते पुसून टाकलं.

"शिंपले परत आणले तर?" मी विचारलं. "कधीपर्यंत चालेल?"

"पुनवेच्या उधाणापर्यंत. तवाच पानी तितकं लांब जाईल. त्याच्यानंतर बी सरतं."

"पौर्णिमेला ओहोटी किती वाजता?"

मैनाबाईने माझ्याकडे असं बघितलं, जणू विचारत होती, हिला पगार कशाचा देतात. "तिथीची पाऊणपट करायची. ती भरती. त्याच्यापुढं सहा तासांनी सुकती."

मी फळ्यावर मांडलं. पौर्णिमा म्हणजे पंधरा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे सव्वाअकराला भरती, संध्याकाळी सव्वापाचला ओहोटी. मोबाइलवर बघितलं तर थोड्या मिनिटांचा फरक. मग मी शनिवारची चतुर्दशी मांडली. चौदाची पाऊणपट साडेदहा, ओहोटी साडेचारला. आम्ही चारला गेलो होतो! खिडकीतून वैभवीचा आवाज आला, "बाई, अष्टमीला भरती सहाला!" अपूर्णांकांना घाबरणारी मुलगी, आठची पाऊणपट तोंडी. पण तेव्हा कौतुक करायला मला सवड नव्हती. हातात चौदा दिवस होते आणि सव्वीस गोण्यांचा पत्ता नव्हता.

बबलूचा फोन बंद. स्टँडवर चौकशी केली तर तो रविवारीच जौनपूरला गावी गेलेला, बहिणीचं लग्न. कधी येणार? "आ जाएगा दशहरे के बाद," असं दुसऱ्या टेम्पोवाल्याने सांगितलं, जणू दसरा उद्याच होता. ग्रामपंचायतीत विचारलं, भंगारवाल्यांकडे विचारलं. प्लास्टिक सापडलं, शिंपल्यांचं कुणालाच ठाऊक नाही. नवरात्राचे नऊ दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. घरी मी इतकी चिडचिड केली की नवरा रोज उशिरापर्यंत सोसायटीच्या मंडपातच बसून राहायला लागला. मैनाबाई मात्र शांत. ती घरोघर जाऊन अंगणात, परसात पडलेले जुने शिंपले वेचत होती. दोन पाट्या जमल्या. पट्टा केवढा आणि दोन पाट्या केवढ्या! मधल्याच आठवड्यात ते प्रमाणपत्र आलं. टाळ्या वाजल्या. वैभवीने वाजवल्या नाहीत, आणि मी तिला रागावले नाही.

शुक्रवारी बबलू उगवला. पौर्णिमा सोमवारी.

"वो सीप? वो तो केळवे में दे दिया, मॅडम. हंसाताई के रिसॉर्ट में. उनको रास्ते पे डालने को चाहिए था."

रविवारी सकाळी बबलूच्या टेम्पोत पुढे मी आणि मैनाबाई, मागे रिकाम्या गोण्या. बबलू वाटेत म्हणाला, "दस साल हो गये टेम्पो चलाते. कचरा वापस लाने का ये पहला चक्कर है." मी त्याला गप्प बस म्हणाले. खरं तर मला हसू येत होतं. शिंपले निदान कुठे आहेत ते तरी कळलं होतं, तेवढ्यानेच छातीवरचं अर्धं ओझं उतरलं होतं.

हंसाताई चुरींची नारळ-सुपारीची वाडी आहे. वाडीत पाहुण्यांसाठी सहा खोल्या. फाटकापासून खोल्यांपर्यंत नवी कोरी पांढरी वाट, दोन्ही बाजूंना विटांची किनार. माझी घरं... म्हणजे मैनाबाईची घरं तिथे झाडून-पुसून पसरली होती आणि मुंबईच्या दोन मुली त्यावर उभ्या राहून फोटो काढत होत्या.

हंसाताई बोलायला गोड, पण व्यवहाराला पक्क्या. "अहो, आत्ताच चार दिवस झाले घालून. दिवाळीची सगळी बुकिंगं झालीयत. तुम्हीच टाकून दिलेत ना? आता परत कसे मागता?"

बरोबरच होतं त्यांचं. मी परिपत्रकापासून सुरुवात केली, शाश्वत विकासावर पाच मिनिटं बोलले, आणि मलाच कंटाळा आला. हंसाताई घड्याळाकडे बघायला लागल्या.

मैनाबाई तोपर्यंत वाटेवर उकिडवी बसून एक शिंपला हातात फिरवत होती. "ही माजी," ती म्हणाली. दुसरा उचलला. "ही पन. ही कडेची खाच बघा. माजा उजवा आंगठा वाकडा हाय, कोयती डावीकडनं लागते. ही शेजारच्या नलूची, ती मधून फोडायची. नलू जाऊन आठ वरसं झाली."

हंसाताईंनी वाकून बघितलं.

मग मैनाबाई उठली आणि एका सुपारीखाली जाऊन उभी राहिली. बुंध्याभोवती वाळक्या झावळ्या, सोललेल्या सुपारीची टरफलं, सगळं नीट आळं करून घातलेलं. "ह्या झावळ्या इतं का घातल्यात, ताई? कचराच हाय ना? पेटवून द्यायच्या."

"पेटवायच्या?" हंसाताई एकदम उसळल्या. "अहो, झाडाचंच आहे ते, झाडालाच जातं. ओल राहते, मुळं धरतात. माझे सासरे म्हणायचे, वाडीतलं वाडीबाहेर जाता..." आणि तिथेच थांबल्या. एकदा झावळ्यांकडे बघितलं, एकदा त्या पांढऱ्या वाटेकडे. मग कपाळाला हात लावला आणि मोठ्याने हसल्या. "बबलू, फावडी आहेत मागे. आत कोण आहे गं? गड्यांना हाक मार!"

मला रडू आलं. सरळ सांगते, तिथे दोन पाहुण्या मुलींसमोर मी हुंदके देऊन रडले. एकीने मला पाण्याची बाटली दिली. दुसरी जीन्स वर दुमडून शिंपले भरायला बसली. दुपारपर्यंत पंचवीस गोण्या भरल्या. सव्विसावीचा पायांखाली चुरा झाला होता, तो मैनाबाईने तिथेच एका माडाच्या आळ्यात घालायला लावला. निघताना हंसाताईंनी तिला चार शहाळी दिली आणि विचारलं, "मग माझ्या वाटेवर काय घालू?" मैनाबाई म्हणाली, "वाळू घाला की. पायाला बरी."

सोमवारी सव्वापाचला कोजागरीच्या सुकतीला सगळी शाळा पट्ट्यावर होती. मुख्याध्यापकांनी त्या दिवशी शाळा दुपारची केली होती, माझं तोंड बघून असेल किंवा स्वतःच्या मनाने असेल. मैनाबाई पुढे, मुलं मागे. ढीग नाही करायचा, एकावर एक नाही टाकायचे, पोकळ बाजू खाली, दोन शिंपल्यांत बोटभर जागा. एका मुलाने गोणी तशीच ओतली तर तिने त्याचा कान धरला. मला म्हणाली, "तुमी पन वाका. उभ्यानं नाय टाकायचं, कुनाचं घर हाय." मी वाकले. परभणीच्या माझ्या कंबरेने चिखलाचं पाणी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. अंधारायच्या आत काम संपलं, आणि पाणी परत चढायला लागलं तसे शिंपले एकेक करून दिसेनासे झाले.

"आता तीन म्हयने कुनी पाय ठेवायचा नाय," मैनाबाई म्हणाली. "कळंल पुसात."

तीन महिने! मी पेपर तपासले, दिवाळी केली, सहल काढली, आणि रोज स्कूटर खाडीपाशी आली की मान वळवायची. पाण्याखाली काय चाललंय ते दिसणार थोडंच! बी बसलं असेल की आम्हाला उशीर झाला असेल? एकदा मैनाबाईला विचारलं, तुम्हाला काय वाटतं? ती म्हणाली, "मला वाटून काय उपेग? कालवाला वाटाया पायजे." तिलाही भीती होती. बाजारात तिची पाटी अर्धीच भरलेली मी बघत होते. जुनी, लांबच्या खडकांवरची कालवं काढून ती दिवस ढकलत होती.

या काळात ती शाळेत यायला लागली. आधी व्हरांड्यात, मग दारात, मग एक दिवस थेट वर्गात. मुलांनी तिथ्यांची पाऊणपट करून भिंतीवर भरती-ओहोटीचा तक्ता लावला, आणि त्यातली चूक तिने तक्ता वाचता येत नसताना शोधली. मुलांनी तो मोठ्याने वाचला आणि ती मध्येच म्हणाली, "दशमीला ही वेळ नाय." खरंच नव्हती. एकदा मी तिला विचारलं, दुसरीतून शाळा का सोडलीत? ती म्हणाली, "घंटा वाजायची घड्याळावर, आन सुकती यायची चंद्रावर. दोन्हीकडं कशी जानार?" दुसऱ्या दिवशी मी मुख्याध्यापकांकडे गेले आणि बराच वेळ भांडले. आता अमावास्या-पौर्णिमेला मोठ्या सुकतीशी वेळ जुळत नसेल, तर त्या दिवशी आमची शाळा आपली वेळ बदलते. बाकीचे तास दुसऱ्या दिवशी भरून काढतो. वैभवीसारख्या आठ मुली त्या दोन दिवसांना दर महिन्याला गैरहजर असायच्या, आणि आम्ही त्यांच्या नावापुढे नुसती फुली मारत आलो होतो.

पौषातली पौर्णिमा आली. सव्वापाचला पाणी लांब गेलं. काठावर मैनाबाई, कुबडी टेकत आलेला भगवंत, मी आणि मुलं. कुणीच पुढे होईना. शेवटी मैनाबाई म्हणाली, "वैभू, तू जा. तू विचारलं हुतंस, शिंपले पन का म्हून. तूच बघ."

तिच्या आजीला ते ठाऊक होतं, हे मला तेव्हा कळलं. वैभवी चिखलात उतरली. वाकली. एक शिंपला उचलला, उलटा केला, आणि तशीच उभी राहिली.

"आजी," ती तिथून ओरडली, "मोजू का?"

अंगठ्याच्या नखाएवढी कालवं. एका शिंपल्यावर सतरा. दुसऱ्यावर नऊ. भगवंताने कुबडी वर केली आणि मुलं ओरडत चिखलात घुसली, तशी मैनाबाई "हळू रे, पाय बघून टाका!" म्हणत त्यांच्या मागे धावली. मी चप्पल काठावर टाकली आणि गेले. तिने माझं बोट धरून त्या सतरांवरून फिरवलं. करकरीत, बारीक कडेचं, जिवंत. बोट थोडं कापलं. मला इतकं हलकं वाटलं की मी तिथेच बसले, साडीसकट.

मैनाबाई हसत होती. मग तिने शेजारी वाकून चिखलातून काहीतरी ओढून काढलं. भरतीबरोबर नवंच आलेलं वेफर्सचं पाकीट. झटकलं, आणि माझ्या हातात दिलं.

"घ्या बाई," ती म्हणाली, "ह्यो तुमचा कचरा. बाकीचं राहू द्या."